काळी पाच

मिरजेत, दुय्यम निबंधकाच्या ऑफिससमोर,
झेरॉक्सच्या दुकानाला टेकून माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली घडी घालून
कुणाचा तरी रद्द झालेला भाडेकरार.
बावीस वर्षं लोकांचे शब्द
शंभराच्या, आता पाचशेच्या, स्टॅम्पवर बसवते.

आमचे अण्णा सांगलीच्या पेठेत हळदीचे तोलार.
तेव्हा रुमालाखाली सौदा व्हायचा.
बोटं बोटांना भाव सांगायची,
वर तोंडं हवापाण्याचं बोलत राहायची.
मी विचारलं, कागद कुठाय?
अण्णांनी तळहात पुढे केला. पिवळा.
म्हणाले, हे धुऊन जात नाही.
एका दिवाळीत एकानं धुऊन दाखवलं.
तेव्हापासून मी कागदाकडची.

आषाढात मुबारकभाई आले, सतारमेकर गल्लीतले.
भुवयांत लाकडाचा भुसा.
मागे कॉलेजची सॅक अडकवलेली पोरगी,
श्रेणिका मगदूम.
"करार लिवा, बाई. हिला तंबोरा पायजे."

कसला तंबोरा?
"चांगला."
चांगला हा शब्द कोर्टात उभा राहत नाही, भाई.
मग नीट सांगू लागले:
काळी पाच, तुणाचं लाकूड,
मंगळवेढ्याचा भोपळा, चार तारा,
गणपतीच्या आधी. अठ्ठावीस हजार.
ती म्हणाली, सव्वीस.
म्हणजे त्यांचा प्रस्ताव तिथेच मेला
आणि तिचा जन्मला, इतकंच.
ते म्हणाले, सत्तावीस, वर गवसणी शिवून देतो.
ती गप्प.
गप्प म्हणजे हो नव्हे, मी म्हणाले,
लग्नाच्या बोलणीत चालत असेल, इथे नाही.
ती हसली. "हो."

कुणी दटावून आणलं नाही ना?
फसवून, भरीला घालून?
"घरी माहीतच नाही. पप्पा म्हणतात, आधी सीईटी."
माझं पेन थांबलं.
जन्मतारीख?
आधार कार्ड पुढे सरकलं.
अठराला अजून अकरा महिने.

मी टोपण लावलं.
"आणि करून मोडला तर?" भाईंनी विचारलं.
मोडायला आधी असावा लागतो, भाई.
हा जन्मालाच येत नाही.
त्यांनी कोरा स्टॅम्प पेपर उचलला,
कानाजवळ नेला, भोपळ्याला मारतात तशी
टिचकी मारली.
"बोलत नाय," म्हणाले, आणि ठेवून दिला.

पोरीनं सॅकमधून रबर बँड काढला,
त्यात दोन हजार तीनशे.
शेजारच्या मुलांना पेटी शिकवून जमवलेले.
भाईंनी ते मोजले नाहीत.
परतही दिले नाहीत.
मी पावतीचं बोलणार होते.
नाही बोलले, का कोण जाणे.

श्रावण सरता सरता त्या गल्लीतून गेले.
दारात चिरलेला भोपळा, आतून गुळगुळीत घासलेला,
त्यावर पेन्सिलीनं:
श्रेणिका, का. ५.
ना तारीख, ना सही, ना साक्षीदार.
मी सवयीनं दोष मोजत उभी राहिले.

काल पुन्हा गेले. उगाच.
तंबोरा उभा होता, तीन तारांचा.
भाई जवारीवर दोरा सरकवत होते,
केसभर इकडे, तार मुकी,
केसभर तिकडे, नुसती चरचर,
आणि मधे कुठेतरी, कुणी न दाबता,
ती आपणहून बोलते.
इतकी साधी व्याख्या
मला बावीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

चौथी कुठाय?
"खर्ज तीच लावंल. वाढदिवसाला."
पण भाई, गणपतीच्या आधी ठरलं होतं ना?
ते दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाले,
"कुठल्या सालचे, ते तुमी इचारलंच नव्हतं, बाई."